कुंभारीचा हिशेब

१ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापूरला आले, ते दहा हजार घरांच्या वसाहतीच्या लोकार्पणासाठी. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आले, तेही घरंच द्यायला; या वेळी पंधरा हजार. मधल्या काळात दिल्लीतलं सरकार बदललं, मुंबईतली सरकारं तर कितीदा बदलली. पण गाव तेच होतं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, अक्कलकोट रस्त्यावरचं कुंभारी. दोन्ही वेळा घर मिळणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका होत्या आणि दोन्ही वेळा या कामाच्या मागे नरसय्या आडम हे एकच नाव होतं. सोलापूर त्यांना आडम मास्तर म्हणतं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे हे नेते १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन वेळा विधानसभेवर निवडून गेले होते.

दोन्ही वेळा आणखी एक गोष्ट सारखी होती, बातम्यांमध्ये मात्र ती मागे पडली. ही घरं सरकारनं बांधून वाटलेली नव्हती आणि कुठल्या बिल्डरनंही विकलेली नव्हती. ती मागणारी आणि उभी करणारी होती नोंदणीकृत सहकारी संस्था. पहिल्या वसाहतीला गोदावरी परुळेकरांचं नाव आहे. वारल्यांच्या लढ्यातल्या या बाईंना सोलापूरचा पूर्व भाग गोदूताई म्हणून ओळखतो. रिक्षावाल्याला ‘गोदूताई’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. दुसऱ्या वसाहतीचं नाव रे नगर. तिथं तीस हजार घरांचा प्रकल्प आहे आणि अनेक संस्थांचं मिळून एक फेडरेशन आहे.

महाराष्ट्रात सहकार म्हटला की डोळ्यांपुढे येतो साखर कारखाना. त्यानंतर दूध संघ, जिल्हा बँक, गावची सोसायटी. सहकार आणि सरकारी धोरण यांवर गेली साठ-सत्तर वर्षं जी चर्चा झाली, तीही याच चौघांभोवती फिरली. जमिनीचा तुकडा नसलेल्या, घरबसल्या मजुरी करणाऱ्या बायकांची संस्था धोरण घडवू शकते, ही शक्यता त्या चर्चेत कुणी फारशी धरली नाही. मला ही या जिल्ह्याची फार मोठी कामगिरी वाटते आणि ती तपशिलात सांगायला हवी.

सुरुवात विडीपासूनच करू. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून मोजून मिळालेलं तेंदूपान घरी आणायचं, भिजवायचं, फडक्यात गुंडाळून मऊ करायचं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं चौकोन कापायचा, शिरा टाळायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. चिमटीनं तंबाखू पसरून पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हजार विड्या व्हायला बाईचा सगळा दिवस जातो, तोही स्वयंपाक, पाणी आणि पोरं सांभाळून. दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये माल दाखवायचा, तिथं छाट निघते. नापसंत विड्यांची मजुरी नाही. पान खराब निघून कमी पडलं तर भरपाईचं पान पदरच्या पैशानं. कारखाना बाईच्या घरातच चालतो, म्हणून तिच्या घराची जागा ही तिच्या कामाची जागा असते. दहा बाय दहाच्या खोलीत तंबाखूच्या धुळीत सगळं कुटुंब झोपतं.

या बायका सोलापुरात एवढ्या संख्येनं आल्या कुठून? शहराची जुनी गिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली आणि १९६३ साली बंद पडली. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्याही गेल्या. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या आलेले पद्मशाली विणकर हातमागावरून यंत्रमागाकडे वळले. पुरुषाची मजुरी अनिश्चित झाली तशी घरातल्या बाईची विडी हा संसाराचा मुख्य आधार बनला. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव जगभर गेलं. त्याच घरांतून वळल्या जाणाऱ्या विडीबद्दल शहर फार बोलत नाही.

कायद्यानं मात्र या बाईची दखल तशी लवकर घेतली होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विडी वळणारीलाही कामगार मानलं. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरासाठी अनुदान द्यायचं, अशी योजना. कागद चांगला होता. पण घराच्या अनुदानात एक गाठ होती. अनुदान घर बांधण्यासाठी, आणि घर बांधायला आधी जमीन हवी. झोपडपट्टीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा कुठून येणार? म्हणजे ओळखपत्र आहे, निधीत पैसा आहे, हक्कही आहे आणि तरी हाती काही नाही.

ती गाठ सुटली सहकारी संस्थेमुळे. एकटी बाई जमीन घेऊ शकत नाही. दहा हजार बायका शहराबाहेर, स्वस्त असलेल्या ठिकाणी, एकत्र घेऊ शकतात. अनुदान एकेकीच्या नावानं मंजूर होतं, पण बांधकाम एकगठ्ठा होतं, त्यामुळे दर खाली येतो. बँकेलाही समोर दहा हजार अर्जदारांऐवजी एक कायदेशीर व्यक्ती दिसते. सरकारी योजना आणि माणूस यांच्यामध्ये जी पोकळी असते, ती इथं संस्थेनं भरून काढली. गोदूताई वसाहतीतल्या घराचा हिशेब त्या वेळी साठ हजारांचा होता. वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार बाईचे.

हा तिहेरी वाटा नुसत्या अर्जानं ठरलेला नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचे मोर्चे आहेत, लाल बावटा युनियनची धरणी आहेत, मुंबई-दिल्लीच्या खेपा आहेत. युनियन भांडत होती आणि संस्था प्रस्ताव मांडत होती, दोन्ही कामं एकाच वेळी. नुसतं आंदोलन असतं तर सरकारनं आश्वासन देऊन बोळवण केली असती. नुसती संस्था असती तर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली असती. रस्त्यावरचा दबाव आणि नकाशा, सभासदयादी, खर्चाचा तक्ता यांची ही जोड आपल्याकडच्या चळवळींत क्वचित दिसते.

आता थोडं मागे जाऊ, कारण सरकारनं सहकारात भागीदार व्हावं हा विचार या राज्याला नवा नाही आणि सोलापूरशीही त्याचं नातं आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेमार्फत सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला होता. हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरा कारखान्याच्या उभारणीत होते. हेच गाडगीळ ए. डी. गोरवाला यांच्या ग्रामीण पतपाहणी समितीतही होते. १९५४ च्या त्या समितीच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की सहकार आजवर अपयशी ठरला असला तरी तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यासाठी सरकारनं संस्थांच्या भागभांडवलात उतरलं पाहिजे. पुढे गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे गावातली संस्था पाहिलेला माणूस दिल्लीत धोरण लिहीत होता. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा याच वातावरणात आला.

त्या धोरणानं ग्रामीण महाराष्ट्र बदलला, हे नाकारण्यात अर्थ नाही. अकलूजचा कारखाना, त्याभोवती उभ्या राहिलेल्या शाळा आणि कॉलेजं पाहिली की ते कळतं. सांगोल्यात गणपतराव देशमुखांनी शेतकऱ्यांची सूत गिरणी नेटानं चालवली. अकरा वेळा आमदार झालेला हा माणूस २०२१ मध्ये गेला, तेव्हा त्यांच्या गिरणीचं उदाहरण विरोधकांनीही दिलं. पण शासकीय भागभांडवल, थकहमी, कर्जाची पुनर्रचना या गोष्टी जिथं ठरत, तिथं मागणारा आणि देणारा बरेचदा एकाच घरचा असे. कारखान्याचा चेअरमन आमदार, आमदार मंत्री, जिल्हा बँकेत त्याचेच लोक. अशी चर्चा खुली राहत नाही. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेवर २०१८ मध्ये प्रशासक नेमावा लागला, तो या घरगुती पद्धतीचा शेवट होता. त्याची झळ संचालकांपेक्षा पीककर्जासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला जास्त बसली.

संस्था आणि सरकार आमनेसामने आले की काय होतं, तेही सोलापूरनं पाहिलं. कुमठ्याच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरत होती. वाद वर्षानुवर्षं चालला. नोटिसा झाल्या, सुनावण्या झाल्या, न्यायालयं झाली, आणि १५ जून २०२३ रोजी बंदोबस्तात चिमणी पाडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्‌घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान उडालं. शहराला विमानसेवा हवी होती आणि ती रास्त मागणी होती; ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला कारखाना हवा होता, तीही रास्त. माझं म्हणणं एवढंच की ही दोन्ही माणसं समोरासमोर बसून काय करायचं ते ठरवतील अशी जागा या सगळ्या वर्षांत कुणी तयार केली नाही. चिमणीच्या बाजूचे आणि विमानाच्या बाजूचे असे शहराचे दोन तट तेवढे पडले.

कुंभारीत हे वेगळं का घडलं? माझ्या मते त्याचं कारण सभासदांच्या हाती सत्ता नसणं हेच आहे. या संस्थांच्या मागे खातं नव्हतं, बँक नव्हती, घरचा मंत्री नव्हता. त्यामुळे जे सरकार असेल त्याच्याशी बोलणं भाग होतं. ९ जानेवारी २०१९ रोजी तीस हजार घरांची पायाभरणी पंतप्रधान मोदींच्या हस्ते सोलापुरात झाली. त्या व्यासपीठावर आडम मास्तरांनी मोदी आणि मुख्यमंत्री फडणवीस यांची प्रशंसा केली. त्यांच्या पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पक्षाच्या दृष्टीनं ते चूक असेल. मात्र सभासदांची घरं पदरात पाडून घेण्याची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला समोरच्या सरकारचा रंग पाहून चालत नाही. आयुष्यभर लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या माणसानं ही किंमत मोजली, याबद्दल मला आदर आहे.

आता दुसरा हिशेब. रे नगरचा प्रकल्प सरकारी आकड्यांनुसार १,८११ कोटींचा. तो प्रधानमंत्री आवास योजनेत बसवला गेला. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले, चालक असे असंघटित कामगार त्यात आले. एकेका इमारतीत ३६ घरं, अशा आठशेहून जास्त इमारती. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून घरटी अडीच लाखांचं अनुदान, म्हणजे ७५० कोटी. प्रकल्पाच्या खर्चाला घरांच्या संख्येनं भागलं तर एक घर सहा लाखांच्या आसपास पडतं. बाकीची रक्कम मुख्यतः सभासदांचे पैसे आणि कर्ज यांतून उभी करायची.

२००६ मध्ये बाईचा वाटा एक तृतीयांश होता. रे नगरमध्ये सरकारचा वाटा चाळीस टक्क्यांवर आला आणि उरलेल्याचं ओझं मोठ्या प्रमाणात सभासदाकडे गेलं. घर पूर्वीपेक्षा पक्कं झालं, मोठ्या योजनेचा भाग झालं, पण हप्ताही मोठा झाला. याच राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणात सहकारी सूत गिरण्यांसाठी ५:४५:५० असं प्रमाण वर्षानुवर्षं होतं: शंभरातले पाच सभासदांचे, पंचेचाळीस शासनाचे भागभांडवल, पन्नास कर्ज. गिरणी काढणाऱ्याकडून पाच टक्के आणि विडी वळणारीकडून निम्म्याहून जास्त, ही तफावत कुठल्या तत्त्वावर ठरली, असा प्रश्न विधिमंडळात कुणीतरी विचारायला हवा.

इथं केरळची आठवण येते. १९६६ चा कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा मालकांनी कायदा पाळण्याऐवजी कण्णूर भागातल्या शाखाच बंद केल्या. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांनी १९६९ मध्ये ‘दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था काढली. राज्य सरकारनं भागभांडवलासाठी कर्ज दिलं. कामगारच मालक झाले, कायद्यात लिहिलेली मजुरी आणि सवलती त्यांनी स्वतःला दिल्या, आणि भरभराटीच्या काळात चाळीस हजारांवर माणसं त्यात काम करत होती. विडीचा खप घसरू लागल्यावर संस्थेनं खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असे दुसरे धंदे उभे केले.

सोलापुरात सहकार घरापर्यंत आला, धंद्यापर्यंत पोचला नाही. पान आणि तंबाखू कारखानदाराची, ब्रँच त्याची, छाट काढणारा माणूसही त्याचा. बाईच्या मालकीचं काय, तर ती जिथं बसून वळते ते घर. मला ही उणीव जाणवते आणि ती बोलून दाखवली पाहिजे, कारण विडीचं भविष्य आता धोक्यात आहे. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात भारत २००४ पासून सामील आहे आणि विडीचा धंदा आकुंचन पावणं आरोग्याच्या दृष्टीनं चांगलंच आहे. तिकडे २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विडीवरचा उपकर रद्द झाला. ज्या निधीतून दवाखाने आणि घरकुलं उभी राहिली त्याचा स्वतंत्र झराच आटला. या बायकांच्या हाताला दुसरं काम कोण देणार? तीस-चाळीस हजार कुटुंबं एका गावाच्या शिवारात आधीच संघटित आहेत, त्यांच्याकडे संस्था आहेत, सभासदयाद्या आहेत. शिवणकाम, तयार कपडे, चादर-टॉवेलचं पॅकिंग असं सहकारी उत्पादन उभं करायला याहून तयार जमीन दुसरीकडे सापडायची नाही.

चावी हातात पडल्यानंतरचा काळ कुठल्याही योजनेत नीट लिहिलेला नसतो. कुंभारी हे ग्रामपंचायतीचं गाव. तिथं एका शहराएवढी माणसं राहायला आली तर पाणी कुणी द्यायचं, कचरा कुणी उचलायचा, सांडपाणी कुठं सोडायचं? सोलापूर शहरालाच उजनीतून चार-पाच दिवसांआड पाणी मिळत आलं आहे. बस किती वेळानं येते, शाळेत तुकड्या किती, विडीची ब्रँच किती लांब, यावर बाईचा दिवस ठरतो. शहराबाहेरची जमीन स्वस्त होती म्हणून घर परवडलं. ते अंतर आता रोज तिकिटाच्या रूपानं वसूल होतं. या सगळ्याचा पाठपुरावा पुन्हा संस्थेलाच करावा लागतो. जिल्हा परिषद, महापालिका, म्हाडा, महावितरण अशा प्रत्येक दारात जाणारी ती एकमेव यंत्रणा आहे.

दिल्लीत दरम्यान सहकाराला नवं महत्त्व आलं. ९७ व्या घटनादुरुस्तीनं सहकारी संस्था स्थापन करणं हा मूलभूत हक्क झाला. त्या दुरुस्तीतला राज्यांच्या संस्थांना बांधणारा भाग सर्वोच्च न्यायालयानं २० जुलै २०२१ रोजी रद्द केला, कारण हा विषय राज्यांचा आणि त्यांची संमती घेतलेली नव्हती. त्याच महिन्यात केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय आलं होतं. सुरेश प्रभू यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं नव्या धोरणाचा मसुदा केला आणि २४ जुलै २०२५ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सहकार वर्षातच, राष्ट्रीय सहकार धोरण जाहीर झालं. दोन लाख नव्या विविध कार्यकारी, दूध आणि मत्स्य संस्था काढण्याचा कार्यक्रम केंद्रानं त्याआधीच, २०२३ मध्ये, मंजूर केला होता. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा सहकारी विकास समित्या आहेत. भर अर्थातच शेती, दूध आणि मासळीवर आहे.

सोलापूरच्या समितीत कुंभारीची एखादी सभासद बाई बसवली तर तिथल्या चर्चेचा सूरच बदलेल. सरकारी अनुदान बाईपर्यंत पोचताना कुठं अडतं, हप्ता कोणत्या महिन्यात थकतो, पाण्याची लाइन कुणाच्या सहीसाठी थांबली आहे, हे तिला बैठकीच्या टिपणीवाचून ठाऊक आहे.

तिनं पहिल्याच बैठकीत एक विषय मांडावा असं मला वाटतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करायचा असतो. साठ हजारांच्या घराला हे वर्षाचे सहाशे रुपये होतात. सहा लाखांच्या घराला सहा हजार, म्हणजे महिन्याला पाचशे; कर्जाचा हप्ता, वीज आणि पाणी वेगळं. विडी वळणारीच्या मिळकतीतून दर महिन्याला ही रक्कम बाजूला निघणं अवघड आहे आणि ती निघाली नाही तर तीन मजली इमारतींच्या गच्च्या पंधरा वर्षांत गळू लागतील. मग पुन्हा अर्ज, पुन्हा मोर्चे. सूत गिरणीच्या खर्चात पंचेचाळीस टक्के भागभांडवल घालणाऱ्या राज्यानं कामगारांच्या गृहनिर्माण संस्थांच्या या दोन निधींत पहिली दहा वर्षं सभासदाइतकाच वाटा घालावा. रक्कम संस्थेच्या खात्यात मुदत ठेवीत राहावी आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय तिला कुणी हात लावू नये. तीस हजार घरांना महिन्याला पाचशेतले निम्मे, म्हणजे अडीचशे रुपये धरले तर सरकारचा खर्च वर्षाला नऊ कोटी येतो. रे नगरला दिलेल्या ७५० कोटींच्या अनुदानाशी ताडून पाहिलं तर तो सव्वा टक्काही भरत नाही.